वाया गेलेली सहा ताटं

पोरगी म्हणाली, बाबा, फक्त सही करा.
गांजाखेतातल्या आपल्या तीन बाकांच्या खानावळीले
आता डोकं येणार होतं, भाड्याचं.
महिन्याचे बाराशे नव्व्याण्णव, पहिला महिना फुकट.
मी म्हटलं, फुकटच्या रश्श्यात मसाला कमी असते बाप्पा.
तरी केली सही.

फोन आता तेच उचलते.
बाईचा आवाज, पुस्तकातलं मराठी:
नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकते?
पलीकडून नत्थूभाऊ निखारे, बत्तीस वर्षांचं गिऱ्हाईक:
गोप्या हाय काय बे?
क्षमस्व, गोप्या हा पदार्थ सध्या उपलब्ध नाही.
हे त्यानं अख्ख्या गोळीबार चौकाले सांगितलं.
मीही हसलो.
पण फोनपाशी बसायचा तो रोशन,
त्याले मीच म्हटलं, एक तारखेपासून नको येऊ.
तो तेव्हा चिल्लर मोजत होता.
मोजून संपवली, गल्ल्यात टाकली,
चप्पल घातली.
अकरा हजार वाचले. पडद्यावर हिरव्या रंगात.

मटण किती आणायचं, तेही तेच सांगते.
आधी बायको सांगे.
पहाटे ओट्यावर उभी राहून रस्ता पाहे,
कोणाकडं पाव्हणे उतरले, कोणाचा पगार झाला,
आणि म्हणे, आज आठ किलो.
यंत्र मागचे तीस दिवस पाहते.
म्हणून श्रावण सरल्यावर, पोळ्याच्या करीले
ते म्हणालं: आज चार ताटं.
बाहेर पिवळी मारबत निघालेली,
महिनाभराची भूक घेऊन शहर रस्त्यावर,
आणि माझ्या गंजात चार ताटं.
बायको काही बोलली नाही.
झारा तेवढा आपटला.
तो आवाज कोणत्याच हिशेबात गेला नाही.

तरी शिकते ते. पोरगी म्हणते, तुमच्याहून लवकर शिकते.
तिसऱ्या महिन्यात त्यानं लाल रेघ ओढली:
रोज सरासरी सहा ताटं वाया.

वाया.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
सहा ताटं म्हणजे
साडेदहाले शटर अर्धं उतरल्यावर
मेयोतून येणारी माणसं.
आत कोणाची तरी खाट, हे बाहेर फरशीवर.
देवरीचे, कुरखेड्याचे, एक म्हातारा बालाघाटचा.
एक बाई डब्याच्या झाकणात रस्सा नेई पोरासाठी,
नळाचं पाणी घालून, तिखट लागते म्हणून.
सावजी रश्श्यात पाणी!
आम्ही पाहिलंच नाही.
पैसे कधी घेतले नाही, म्हणून लिहिलंही नाही कधी.
यंत्राचं काय चुकलं?
जे लिहिलं नाही, ते सांडलं.

चौदा दिवस त्याचं ऐकलं.
दहाच्या आतच गंज कोरडा.
चार हजार दोनशे वाचले.
पंधराव्या रात्री ती बाई आली, झाकण हातात.
मी म्हटलं, संपलं माय.
ती म्हणाली, बरं झालं भाऊ,
धंदा चांगला होऊन राहिला तुमचा.

त्या रात्री पोरगी झोपल्यावर
एका बोटानं नवं गिऱ्हाईक टाकलं.
नाव: मेयो फरशीवाले.
ताटं सहा. वेळ साडेदहा. रक्कम शून्य.
त्यानं विचारलं: शून्य, खात्री आहे?
होय दाबलं.
रोज विचारते. रोज दाबतो.

काल सकाळी पडद्यावर आलं:
थंडी वाढणार. मेयो फरशीवाले, नऊ ताटं धरा.
बायकोले दाखवलं.
तिनं फोन लांब धरून वाचला,
म्हणाली, नऊ नाही, अकरा.

दहा लागली.
अकरावं झाकून ठेवलं फोनच्या टेबलावर.
रोशन आता कुठं कामाले आहे,
चौकात कोणालेच माहीत नाही.